परळची लस आणि मुलकोवालची बाटली : डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची जीवनकथा

हाफकिन हे नाव महाराष्ट्र-गोव्यात सर्वांच्या परिचयाचे आहे. सर्पदंशावरील लस आणि पोलिओचे थेंब यांच्याशी जोडलेली परळची संस्था म्हणून लोक ते ओळखतात. मात्र ज्या माणसाचे हे नाव, तो कोण, कुठला, मुंबईत कसा आला आणि त्याला येथून मानहानी पत्करून का जावे लागले, याची आठवण फारशी उरलेली नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेगने घरेच्या घरे ओस पाडली, तेव्हा मुंबईपासून हुबळी-धारवाडपर्यंत आणि दमणपासून बडोद्यापर्यंत याच माणसाने तयार केलेली लस लोकांच्या दंडावर टोचली जात होती.

वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या शहरात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते आणि हाफकिन यांचे घराणे ज्यू. त्या साम्राज्यात ज्यूंच्या वस्त्यांवर वरचेवर हल्ले होत. विद्यार्थिदशेत हाफकिन अशा एका हल्ल्याच्या वेळी आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहिले, जखमी झाले आणि अटकेतही पडले. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना शिकवणारे प्राणिशास्त्रज्ञ एली मेचनिकॉव्ह यांच्या रदबदलीमुळे त्यांची सुटका झाली. अध्यापकाची जागा मिळवायची तर ज्यू धर्म सोडून रशियन ख्रिस्ती पंथाची दीक्षा घ्यावी लागणार होती. हाफकिन यांनी ती घेतली नाही. परिणामी विद्यापीठाचे दार त्यांच्यासाठी बंद झाले.

१८८८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे शिकवू लागले आणि पुढच्या वर्षी पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत आले. मेचनिकॉव्ह तेथे आधीच पोहोचले होते. संशोधकाची जागा रिकामी नव्हती, म्हणून हाफकिन यांनी ग्रंथालयातील सहायकाची नोकरी पत्करली आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवला. त्यांच्यासमोरचा प्रश्न होता पटकीचा. हा रोग त्या काळी युरोपातही दर काही वर्षांनी येई आणि दूषित पाणी पिणाऱ्या गरीब वस्त्या आधी उजाड करी. हाफकिन यांनी पटकीचे जंतू एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात असे वारंवार नेऊन त्यांची तीव्रता वाढवली आणि दुसऱ्या रीतीने ती कमीही केली. आधी सौम्य, मग तीव्र, अशा दोन टोचण्यांची लस तयार झाली. जनावरांवर ती यशस्वी ठरली, तरी माणसावर ती सुरक्षित आहे हे सिद्ध व्हायचे होते. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला आणि उतरला. नंतर काही मित्रांनीही स्वेच्छेने ती घेतली.

लस कितपत उपयोगी पडते हे कळण्यासाठी पटकी कायम मुक्काम करून असलेला प्रदेश हवा होता. पॅरिसमध्ये त्या वेळी लॉर्ड डफरिन हे ब्रिटिश राजदूत होते. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय म्हणून काम केलेल्या डफरिन यांनी पुढाकार घेतला आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

येथे एक अडचण होती, जी प्रयोगशाळेत कधीच जाणवली नव्हती. निरोगी माणसाने सुई का टोचून घ्यावी? टोचल्यावर ताप येतो, हात दुखतो, एखाद-दोन दिवसांचा रोजगार बुडतो, आणि एवढे करून पुढे रोग होणार नाही याची खात्री देणारा माणूस परका, परभाषक, सरकारच्या आश्रयाने आलेला. उत्तरेतील छावण्या, गावे आणि चहामळे हिंडताना हाफकिन यांना ही शंका ठायी ठायी भेटली. १८९४ मध्ये कलकत्त्याचे आरोग्याधिकारी सिम्पसन यांनी त्यांना शहरातील कट्टलबागान या झोपडवस्तीत बोलावले. तेथील तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले होते. हाफकिन यांच्यासोबत चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त हे बंगाली डॉक्टर होते. लोकांचा विश्वास बसावा म्हणून या मंडळींनी आधी स्वतःला लस टोचून घेतली. मग वस्तीतील सुमारे २०० लोकांपैकी ११६ जण पुढे आले. नंतर त्या वस्तीत पटकीने जे दगावले, ते सारे लस न घेतलेल्यांपैकी होते. लस कुणाला दिली, कुणाला दिली नाही आणि पुढे कोणाचे काय झाले, याची एकाच वस्तीत शेजारी शेजारी नोंद ठेवायची, ही पद्धत हाफकिन यांनी तेथून पुढे सोडली नाही. दोन-अडीच वर्षांत त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली. त्याच काळात हिवतापाने गाठल्यामुळे त्यांना १८९५ मध्ये युरोपला परतावे लागले. प्रकृती सुधारताच १८९६ मध्ये ते पुन्हा हिंदुस्थानात आले.

त्याच वर्षी मुंबईच्या मांडवी भागात विचित्र तापाचे रोगी आढळू लागले. जांघेत किंवा काखेत गाठ, प्रचंड ताप आणि काही दिवसांत मृत्यू. हा प्लेग आहे हे सप्टेंबर १८९६ मध्ये ठामपणे सांगणारे डॉक्टर होते अकासियो व्हिएगस, मूळचे गोव्यातील हडफडे येथील. प्लेगचे नाव उच्चारणे म्हणजे बंदराचा व्यापार थांबवणे, त्यामुळे ते निदान अनेकांना नको होते. पण जंतुपरीक्षेने व्हिएगस यांचेच म्हणणे खरे ठरले. सरकारने हाफकिन यांना बोलावले आणि ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत पोहोचले.

ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये येर्सिन यांनी शोधला होता. तो उंदरांकडून पिसवांमार्फत माणसात येतो हे अजून सिद्ध व्हायचे होते. हाफकिन यांनी मांसरसाच्या कुप्यांत जंतू वाढवले. त्या रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले की त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ गुहेतल्या लवणस्तंभांसारखी खाली लोंबू लागे. कुपी हलवली की ती तुटून तळाशी जाई आणि वर नवी वाढ सुरू होई. अशी भरपूर वाढ झाली की उष्णता देऊन जंतू मारायचे आणि टिकाऊपणासाठी थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे, अशी त्यांची रीत होती. तुपासारख्या घरोघरच्या वस्तूतून त्यांनी मोठ्या प्रमाणावर लस करण्याचा मार्ग काढला. अविश्रांत श्रमांनी सहकाऱ्यांपैकी काही खचले, पण तीन महिन्यांत लस हाती आली.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, आणि तीही पुढे लोकांना देण्यात आली त्याच्या कितीतरी पट मात्रेत. ताप आणि वेदना सोसून ते उठले. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना लशीची माहिती देऊन विचारण्यात आले आणि सुमारे निम्म्यांनी स्वखुशीने हात पुढे केला. सर्वांचे अन्न, पाणी, कोठडी सारखीच होती. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडून ६ मेले, तर लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही बरे झाले.

तुरुंगाबाहेरचे जग मात्र इतके सरळ नव्हते. १८९७ च्या साथीच्या कायद्याने सरकारला अमर्याद अधिकार दिले होते. पुण्यात सोजिरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या, रोग्यांना ओढून नेले, सामान जाळले. त्या संतापातून जूनमध्ये प्लेग कमिशनर रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्याच पुण्यात मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यूने गाठले होते. अशा वातावरणात सरकारी डॉक्टरच्या हातातली सुई लोकांना सोजिराच्या बंदुकीइतकीच भीतिदायक वाटणे स्वाभाविक होते. लशीत निषिद्ध पदार्थ आहेत, ती टोचली की माणूस दुबळा होतो किंवा मरतो, अशा अफवा पसरल्या. सक्तीने टोचणी केली तर लस कायमची बदनाम होईल, हे हाफकिन ओळखून होते. समाजातील मान्यवरांनी आधी घ्यावी आणि मग इतरांनी, हा मार्ग त्यांनी धरला. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली, प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली आणि हजारो खोजांनी त्यांचे अनुकरण केले.

लशीची परीक्षा आता मुंबईबाहेर होऊ लागली. पणजीहून ज्याचा कारभार चाले त्या पोर्तुगीज अमलाखालील दमणमध्ये १८९७ साली प्लेगने थैमान घातले. तेथे लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ दगावले. लस न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२, म्हणजे दर चौघांमागे जवळजवळ एक. बेळगावच्या छावणीत पलटणीला लस देण्यात आली. हुबळीत, जेथे प्लेगने रोज माणसे उचलली जात होती, लोक स्वतःहून रांगा लावू लागले आणि गावाचा फार मोठा भाग टोचून झाला.

यांतील सर्वांत काटेकोर परीक्षा बडोदे संस्थानातील उंढेरा या गावात फेब्रुवारी १८९८ मध्ये झाली. गावात प्लेग आधीच शिरला होता. हाफकिन यांनी कुटुंबागणिक माणसे बसवून घेतली आणि वय, स्त्री-पुरुष, प्रकृती पाहून प्रत्येक घरातील निम्म्यांना लस टोचली. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसे, फरक फक्त लशीचा. पुढे २८ कुटुंबांत रोग शिरला. त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मेले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. लशीच्या बाजूने याहून भक्कम पुरावा मागता आला नसता. पण तो पुरावा ज्या २६ जीवांच्या मोलाने मिळाला, ते त्याच घरांतले भाऊ, बायका, मुले होती, हेही त्या आकड्यांत लिहिलेले आहे. नव्या उपायाची खात्री करायची तर काहींना त्यावाचून ठेवावे लागते. हा पेच आजही आरोग्यशास्त्राला सुटलेला नाही. हाफकिन यांनी तो आकडेवारीच्या पडद्याआड न लपवता घराघरांच्या हिशेबासह जगासमोर ठेवला.

मागणी वाढत गेली आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. हाफकिन तिचे मुख्य संचालक झाले. सम्राज्ञीने त्यांना किताब दिला होता, लंडनमध्ये लिस्टर यांच्यासारख्या थोरांनी त्यांचा गौरव केला होता. परंतु वैद्यकीय पदवी नसलेला, रशियातून आलेला ज्यू संशोधक लष्करी डॉक्टरांच्या खात्यात सर्वोच्च पदी बसलेला अनेकांना खुपत होता.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग पसरला आणि तेथील सरकारने लाखो लोकांना लस देण्याचा बेत आखला. परळला एवढी लस तातडीने पुरवायची होती. उत्पादनाचा वेग वाढावा म्हणून हाफकिन यांनी कृतीत बदल केला आणि कार्बोलिक आम्ल घालणे सोडले. जंतू उष्णतेनेच मरत असल्याने त्याची गरज नाही, असे त्यांचे मत होते आणि पॅरिसच्या संस्थेतही तसेच केले जाई.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतील १९ जणांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती. त्या बाटलीवर ५३-एन अशी खूण होती. काही दिवसांनी या एकोणिसांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली, जबडे मिटले, शरीर ताठले, आणि त्यांतला एकही वाचला नाही. इतर बाटल्यांतून लस घेतलेले ८८ जण धडधाकट राहिले. म्हणजे विष त्या एका बाटलीत होते. प्रश्न होता, ते शिरले कधी? परळमध्ये बाटली भरताना, की मुलकोवालमध्ये उघडताना?

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने दोष प्रयोगशाळेत घडला असा निष्कर्ष काढला. कार्बोलिक आम्ल वगळल्याबद्दल बोट हाफकिन यांच्याकडे वळले. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. ते इंग्लंडला गेले आणि पुढची काही वर्षे त्यांनी आपल्या निर्दोषत्वाचे पुरावे गोळा करण्यात घालवली. चौकशीची कागदपत्रे प्रसिद्ध झाली ती १९०६ मध्ये, आणि त्यांत जे होते ते चकित करणारे होते. मुलकोवालला बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्वाळेतून काढून निर्जंतुक करायचा नियम होता. त्याऐवजी तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू गोठ्याजवळच्या मातीत असतात. शिवाय ती बाटली भरल्याला चाळीसच्या वर दिवस झाले होते. इतके दिवस ते जंतू आत वाढत असते तर उघडताच उग्र दुर्गंधी आली असती, आणि लस टोचणाऱ्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता.

हिवतापाचा डासांशी असलेला संबंध सिकंदराबादेत उलगडून नोबेल पारितोषिक मिळवलेले रोनाल्ड रॉस हे हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये त्यांच्यासह दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहिले आणि प्रयोगशाळेवरचा ठपका निराधार असल्याचे सांगितले. सह्या करणाऱ्यांत कलकत्त्याच्या दिवसांतले जुने सहकारी सिम्पसनही होते. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर झालेल्या अन्यायाची आठवण तेव्हा अनेकांना झाली. अखेर १९०७ च्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त करून परत सेवेत बोलावले.

दोषमुक्ती मिळाली, पण परळ मिळाले नाही. मुंबईची जागा भरली गेली होती, म्हणून त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमण्यात आले. नव्या लशींचे प्रयोग माणसांवर करून पाहण्यास मुभा नव्हती. ज्याने आपली प्रत्येक लस आधी स्वतःला टोचून मग वस्त्यांत नेली, त्याला आता केवळ टेबलापाशी बसून निबंध लिहायचे होते. १९१४ मध्ये निवृत्त होऊन ते फ्रान्सला परतले. लग्न त्यांनी केले नव्हते. उत्तरायुष्यात त्यांनी आपल्या धर्माच्या आचरणाकडे आणि पूर्व युरोपातील ज्यूंच्या शिक्षणाकडे मन लावले आणि आपली संपत्ती तेथील धर्मपाठशाळांसाठी निधीत घातली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तोवर त्या वास्तूतून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. ही लस परिपूर्ण नव्हती. तिने ताप येई, तिचे संरक्षण काही महिनेच टिके आणि लस घेतलेल्यांपैकीही काही मरत. पुढे उंदीर आणि पिसवांचा बंदोबस्त, स्वच्छ घरे आणि नंतरची औषधे यांनी प्लेगला आवर घातला. पण त्या साधनांची वाट पाहत असताना हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली, आणि त्या काळात सामान्य माणसाच्या हाती जे एकमेव शस्त्र होते ते या लशीचेच होते.

आज लशीच्या प्रत्येक बाटलीवर तिच्या उत्पादनाचा क्रमांक छापलेला असतो. एखाद्या गावी टोचणीनंतर अघटित घडले तर त्या क्रमांकावरून बाटलीचा माग काढला जातो आणि ती कोठे भरली, कोणी उघडली, कशी हाताळली हे एकेक पायरीने तपासले जाते. ५३-एन या खुणेच्या बाटलीची अशी तपासणी पूर्ण होऊन तिचे निष्कर्ष लोकांपुढे यायला पाच वर्षे लागली. मुलकोवालच्या एकोणीस कुटुंबांना त्यांची माणसे कशाने गेली हे कळायलाही तेवढाच काळ गेला, आणि हाफकिन यांच्या संशोधनाची उमेदीची वर्षे त्यातच संपली.